गच्चीवरचा लाल बल्ब

आमच्या वसाहतीत मांस कोणी खात नाही. आठवड्यातून एकदा, अंधार पडल्यावर, गच्चीवर काहीतरी भाजलं जातं, एवढंच.

वर्ध्याच्या कडेला आमची चाळीसेक घरं आहेत. बहुतेक शिक्षक आणि कारकून, दोघं बँकेतले, एक जमीन मोजणारा. फाटकावर कमान आहे आणि कमानीवर 'सुसंस्कृत नागरिकांची वसाहत' अशी अक्षरं आहेत. कमान आधी बांधली, नाल्या नंतर झाल्या. त्यामुळे पहिली तीन वर्षं पावसाळ्यात सुसंस्कृत नागरिक चपला हातात घेऊन त्या अक्षरांखालून जात असत. चाळीसपैकी खरोखर शाकाहारी घरं चार असतील. त्यांनी आजवर कोणाची तक्रार केलेली नाही. धूर आला की ती माणसं खिडकी लावून घेतात. तक्रारी येतात त्या उरलेल्या छत्तीसांकडून.

गच्चीला आमच्याकडे स्लॅब म्हणतात. कोणाकडे कोंबडी असली की तो मित्राला सांगतो, "आज वरती आहे." नवख्या माणसाला वाटावं, वरती सत्संग आहे.

मांस घरातल्या ओट्यावर शिजवायचं नाही, हा नियम आम्ही सगळ्यांनी गावाकडून आणला. माझं माहेर वडनेरचं, शेतकऱ्याचं. तिथे मटण असलं की गोठ्याशेजारी तीन दगड मांडायचे. त्याचं पातेलं वेगळं, ते वर्षभर गोठ्यातच टांगलेलं असायचं. शिजवायचं पुरुषांनी, बायकांनी मसाला वाटून द्यायचा आणि शेवटी भाकरी. पण हे सगळं दिवसाउजेडी चालायचं. रस्त्यानं जाणारा थांबून विचारायचा, "झालं का?" आणि माझे वडील म्हणायचे, "बस, होऊनच राह्यलं." शहरात गोठा नाही म्हणून चूल गच्चीवर चढली. अंधार मात्र आम्ही नोकऱ्या लागल्यावर त्यात घातला.

आमच्या घरी हे खातं नवऱ्याकडे होतं. तो एका सरकारी कचेरीत मोठा बाबू होता, आता निवृत्त आहे. आमचा जुना कूलर गंजून संपला तेव्हा त्याचं लोखंडी स्टँड उरलं. त्यावर त्यानं तळाला भोकं पाडलेलं घमेलं बसवलं, घमेल्यावर जाळी टाकली, आणि आमची शेगडी तयार झाली. मुलगी पुण्याहून आली की तिला बार्बेक्यू म्हणायची, आणि त्यामुळे शेगडीचा भाव वाढायचा. जाळीसुद्धा आधी त्याच कूलरची होती. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो तापला की धूर विषारी होतो, असं मी त्याला वाचून दाखवलं.

"तुले पुस्तकात सारंच सापडते," तो म्हणाला.

ती जाळी मी भंगारवाल्याला दिली आणि स्टीलची आणली. पेटवायला तो भावाच्या शेतातून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणायचा. कपाशीवर हंगामात किती फवारे मारतात ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, तरी त्याही मला बंद कराव्या लागल्या. बाभळीचा कोळसा आला. एवढ्या सुधारणा मी करून घेतल्या, पण उजेडाचं मला फार उशिरा सुचलं.

गच्चीवर एक बल्ब होता. देवघरातला जुना झिरोचा बल्ब, लाल रंगाचा. देवघरात नवी दिव्यांची माळ आली तेव्हा नवऱ्यानं तो वरती नेऊन लावला. कारण उघड होतं. पांढरा दिवा लावला असता तर चारी बाजूंच्या गच्च्यांवरून आमची शेगडी दिसली असती. अगदीच अंधार ठेवला असता तर हात भाजला असता. लाल झिरोत माणसाचं काम भागतं आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, तुळशीपुढे दिवा आहे. नंतर मी लक्ष देऊन पाहिलं तर वसाहतीतल्या नऊ गच्च्यांवर असेच लाल बल्ब होते. रविवारी संध्याकाळी ते एकेक करून लागायचे. एवढी भक्ती तालुक्यात दुसरीकडे कुठे नसेल.

तीन वर्षांपूर्वी मी आजारी पडले. रविवारी रात्री जेवलो, मंगळवारी पोटात कळा, ताप, जुलाब. बुधवारी मी दवाखान्यात, हाताला सलाईन. डॉक्टर खाटेशी येऊन विचारू लागले, "बाहेरचं काही खाल्लं का? कच्चं काही? चिकन, अंडी?"

आता त्या वेळी खाटेच्या दुसऱ्या बाजूला वसाहतीच्या मंडळाचे सचिव बसलेले होते. सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी वसाहत त्यांना सर म्हणते. ते मोसंबी घेऊन भेटायला आले होते. नवऱ्यानं सरांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दही. दही जरा आंबट होतं."

"दही," डॉक्टरांनी लिहून घेतलं.

सरांनी मान हलवली. "थंडीत दही खाऊच नये," ते म्हणाले.

मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. तीन दिवस माझ्यावर दह्याचे उपचार झाले.

घरी परतल्यावर मी अंथरुणावर पडून विचार करत राहिले. कोंबडी तर नवऱ्यानं नीट पाहून ताटात वाढली होती. माझ्यासमोर, वरतीच, तुकडा मोडून दाखवला होता, आत पांढरा होता. मी तीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं. तिथे साध्या पुस्तकांची कार्डं पांढरी आणि घरी न देण्याच्या पुस्तकांची कार्डं फिकट गुलाबी असत. घरात अजून दोन्हींचे गठ्ठे आहेत, वाणसामानाच्या याद्या मी त्यांच्या मागेच लिहिते. एक पांढरं आणि एक गुलाबी कार्ड घेऊन मी संध्याकाळी वरती गेले आणि लाल झिरोखाली धरलं. दोन्ही कार्डं एकसारखी दिसत होती. कोणतं कोणतं, ते मला सांगता येईना. मी हात बदलले, डोळे चोळले, जवळ नेलं. नाही. लाल उजेडात गुलाबी आणि पांढरं यांत फरकच उरत नाही.

म्हणजे इतकी वर्षं आमच्या वसाहतीनं मांस शिजलं की नाही ते पाहण्यासाठी नेमका असा दिवा निवडला होता, ज्यात ते कधीच दिसणार नाही.

मी नवऱ्याला वरती बोलावून दोन्ही कार्डं दाखवली.

"हे कार्ड आहे," तो म्हणाला. "कोंबडी नाई."

"रंग तोच आहे."

"मग मी मोबाईलचा टॉर्च मारून पाहत जाईन."

त्यानं ते दोनदा केलं. तिसऱ्यांदा शेजारून कोणीतरी विचारलं, "काय हरवलं का हो?" तेव्हापासून टॉर्च बंद झाला आणि मी गच्चीवरचं खाणं बंद केलं. मग धूर दिसतो म्हणून एका थंडीत तो घमेलं जिन्याच्या खोलीत घेऊन बसला, दार लावून. अर्ध्या तासानं भिंत धरत खाली आला, डोकं गरगरतंय म्हणाला. कोळशाचा तो वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि शांतपणे आपलं काम करतो. आमच्या वसाहतीच्या स्वभावाशी तो फार जुळतो. मी सगळी दारं उघडली, नवऱ्याला ओसरीत बसवलं आणि शेगडीला कुलूप लावलं. कुलूप लावायला शेगडीला जागा नव्हती, म्हणून मी कोळशाच्या पोत्याला लावलं.

हे सगळं असं बंद पडलं होतं, तेव्हा गेल्या हिवाळ्यात मुलगी बाळंतपणासाठी घरी आली. सातवा महिना. पहिलंच. तिचं आधी एकदा, तिसऱ्या महिन्यात, गेलं होतं, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. ती आली तीच सुकलेली. वास सहन होत नव्हता, भात नको, वरण नको, दुधाचं तर नावच नको. डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून नुसतं "हं" म्हटलं. मला ते "हं" आवडलं नाही.

डोहाळजेवण वसाहतीनं केलं. मी नको म्हणत होते, पण आमच्याकडे असे समारंभ ज्याचे असतात त्याच्या हातात राहत नाहीत. मंडळाच्या हॉलमध्ये झोपाळा बांधला, फुलांचे दागिने आले, फुलांचं धनुष्य आलं, फोटोग्राफरनं माझ्या मुलीला त्या धनुष्यानं पंख्याकडे नेम धरायला लावला. सरांच्या पत्नीनं माईक घेतला. चाळीस बायका सतरंजीवर. प्रथेप्रमाणे त्यांनी विचारलं, "सांग बाई, काय खावंसं वाटून राह्यलं? मनात ठेवू नको, बाळाचे कान फुटतात."

उत्तरं ठरलेली असतात. चिंच, कैरी, आवळा. मुलीनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "कोळशावर भाजलेलं चिकन."

माईक चांगला होता. हॉलच्या मागे पुरुष भजी खात होते, त्यांच्यापर्यंत गेलं. बायकांपैकी एक हसली आणि तिनं ते खोकल्यात बदललं. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि आंबट?"

"आंबटात लिंबू पिळलेलं चालेल," मुलगी म्हणाली. "त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "खाऊ द्या की. प्रोटीन आहे, तिला हवंच आहे. फक्त पूर्ण शिजलेलं. हाडाजवळ जरासुद्धा गुलाबी दिसलं तर द्यायचं नाही. या दिवसांत अर्धकच्च्यातून जंतू गेले तर आईला जड जातं आणि बाळाला त्याहून जड." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वरून काळं झालं म्हणजे आत झालं, असं नसतं. कापून पाहा."

मी विचारलं, "उजेडात?"

"मग काय अंधारात?" त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या मोबाईलवरच्या गटात सूचना आली. मी ती जपून ठेवली आहे. 'आपल्या जिल्ह्याच्या पावन भूमीचे भान ठेवून सन्माननीय रहिवाशांनी गच्चीवर सामीष पदार्थ भाजणे टाळावे. अगदी अपरिहार्य असल्यास त्याचे प्रदर्शन होणार नाही याची दक्षता घ्यावी. गच्चीवरील दिवे मंद असावेत.' खाली सचिवांचं नाव आणि त्याखाली सहसचिवांचं. सहसचिव माझा नवरा आहे. त्यालाही ती सूचना गटातच समजली.

अपरिहार्य या शब्दापाशी मी थांबले. त्यात सगळं कबूल केलेलं होतं. खा, पण लपवा. मला माहीत आहे की सर जाम गावच्या चौकात, महामार्गावरच्या ढाब्यात, भिंतीकडे तोंड करून बसतात. आम्ही नागपूरहून येताना तिथे चहाला थांबलो होतो. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि तंदुरीच्या ताटावर वर्तमानपत्र पसरलं. आम्हीही ते पाहिलं नाही असं ठरवलं. जामला आमच्या वसाहतीतलं कोणी ना कोणी नेहमी असतं आणि नेहमी चहाच पीत असतं. मी ते आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण माणूस काय खातो यात मला रस नाही. मला रस होता तो एवढ्यातच की माझ्या मुलीच्या ताटात जे जाईल ते मला दिसलं पाहिजे.

"करू ना आपण," नवरा म्हणाला. "कोण नाई म्हणते? रविवारी आठ वाजता वरती करू. लाल लावून."

"पांढरा लावून."

"काऊन वाद घालून राह्यली? माझी सही आहे त्या नोटिशीवर."

"तुम्ही केली का सही?"

"नाव तर आहे."

"मग ते नाव आजारी पडणार नाही. पोरगी पडेल."

त्यानं मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाला, "घरात, गॅसवर कर. दिवा आहे, सारं आहे."

हे मी करू शकले असते. आमच्या ओट्याला त्यानं काही झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं. पण कुकरमध्ये शिजवलेल्या कोंबडीचा वास आला तेव्हा मुलगी न्हाणीघरात पळाली होती; ते आदल्या आठवड्यात करून झालं होतं. तिला धुराचा वास हवा होता. महिनाभरात तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि ते तिनं चाळीस बायकांसमोर, विचारल्यावर मागितलं होतं.

रविवारी दुपारी मी स्वतः कोंबडी आणली, दुकानात समोर कापून घेतली आणि थेट घरी आणून फ्रिजमध्ये ठेवली. नवरा मसाला लावून पातेलं दुपारभर गच्चीवर ठेवायचा, मुरतं म्हणून. मी मुरवलं ते खालच्या कप्प्यात, झाकून. मांडीच्या तुकड्यांना हाडापर्यंत चिरा दिल्या. कच्च्याचं ताट वेगळं, शिजलेल्याचं वेगळं, चिमटे दोन. एकाला लाल दोरा बांधला, म्हणजे कच्च्याचा चिमटा शिजलेल्याला लागणार नाही. पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं बाजूला. मग माळ्यावरून पोर्चमधला जुना दिवा काढला. पांढरा, भरपूर उजेडाचा, मुलीच्या लग्नात मांडवात लावलेला. लाल बल्ब काढून तिथे तो लावला. नवरा खाली उभा राहून स्टूल धरत होता आणि स्टुलाशीच बोलत होता.

"वरून पडली तर मीच जबाबदार होतो," तो म्हणाला.

"नोटिशीत लिहा."

साडेसहाला अंधार पडला. थंडी होती. कोळसा आधी पेटवून ठेवला, ज्वाळा गेल्या, वरती राखेचा पांढरा थर धरला, तेव्हा जाळी ठेवली. आणि दिवा लावला.

मी कबूल करते, मीही दचकले. गच्चीचा कोपरा न् कोपरा दिसत होता. वाळत घातलेली नवऱ्याची बनियनं, टाकीवरचं शेवाळ, शेगडीखालचं कूलरचं स्टँड त्यावरच्या कंपनीच्या अर्ध्या उडालेल्या रंगासकट. आम्ही रंगमंचावर असल्यासारखे होतो. समोरच्या गच्चीवर एक लाल दिवा होता, तो विझला.

नवऱ्यानं बटणाकडे हात नेला आणि दिवा बंद केला. मी लावला. त्यानं पुन्हा बंद केला.

"हाताले चटका बसंल," मी म्हणाले. एरवी मी घरात शहरी बोलते. राग आला की वडनेरचं बाहेर येतं. मी लावला आणि बटणासमोर खुर्ची ठेवून मुलीला तिच्यावर बसवलं. सात महिन्यांच्या पोटाला बाजूला सरकवण्याची त्याची हिंमत नव्हती.

दहा मिनिटांनी समोरच्या घराच्या गच्चीवर सर आले. मफलर, टोपी, हात मागे.

"वहिनी," त्यांनी हाक मारली. "लाइट जरा जास्तच झाला."

"हो सर. कमी करता येत नाही, एवढाच जळतो."

"आजूबाजूचे पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"तुम्ही सूचना वाचली असेल."

"वाचली सर. सामिषमध्ये मि ऱ्हस्व असतो. दीर्घ पडला आहे."

सरांनी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांनी टोपी सारखी केली. डावीकडच्या गच्चीवर कोणीतरी नाकातून हसलं. नवरा माझ्या शेजारी उकिडवा बसला, बहुधा टाकीमागे जाता येईल का याचा अंदाज घेत.

"सहसचिव कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"कोळशाला वारा घालून राह्यले," मी म्हणाले. "अहो, उठा. सर विचारून राह्यले."

तो उठला. "नमस्कार सर," म्हणाला. हातात पंखा होता, तो त्यानं लपवला नाही, हे मला बरं वाटलं.

"हे आपल्या पदाला शोभत नाही, साहेब."

नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती खुर्चीत शाल ओढून बसली होती आणि जाळीकडे अशी पाहत होती की तिचं आमच्या कोणाकडेच लक्ष नव्हतं. "पोरीले डोहाळे आहेत, सर," तो म्हणाला. "तुमच्याच मॅडमनं विचारलं होतं."

"पण मंद दिव्यात करता आलं असतं."

"मंद दिव्यात आतून शिजलं का ते दिसत नाही," मी म्हणाले. "लाल दिव्यात तर मुळीच नाही. कच्चं आणि शिजलेलं एकच दिसतं. मी करून पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात होते, आठवतं? ते दही नव्हतं."

हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण नंतर सगळ्या बाजूंनी शांतता झाली. मला वाटतं त्या शांततेत बरेच लोक आपापल्या दह्यांचा हिशेब लावत होते.

"किती वेळ चालणार आहे हे?" सरांनी विचारलं.

"शिजेपर्यंत."

तेवढ्यात नवरा म्हणाला, "झालं. पाह, कसा रंग आला." तुकडे वरून खरोखर सुरेख दिसत होते, कडा काळसर, मसाला चकाकणारा, चरबी कोळशावर पडून चर्र होत होती. मुलीनं ताट पुढे केलं. मी सगळ्यांत जाड तुकडा फळीवर घेतला आणि सुरी हाडापर्यंत घातली.

आत गुलाबी होतं. फार नाही, बोटभर, हाडाला लागून, आणि तिथून निघालेलं पाणीही लालसर. लाल बल्बखाली तो तुकडा आम्ही पांढरा म्हणून दिला असता. मुलीनं तो वाकून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं ताट मागे घेतलं आणि पोटावर हात ठेवला. त्या क्षणी ती उठून खाली निघून जाईल आणि पुन्हा काही मागणार नाही, असं मला वाटलं. माझी खरी भीती तीच होती.

"अजून कच्चं आहे," मी म्हणाले. "बस. होते."

सर अजून उभे होते. म्हणजे आता आणखी वीस मिनिटं त्या उजेडात, सगळ्या वसाहतीच्या डोळ्यांसमोर, कच्ची कोंबडी घेऊन उभं राहायचं होतं. विजय मिळवून झटपट खाली उतरता आलं असतं तर ते सोपं होतं. इथे कोंबडी सहकार्य करत नव्हती. मी तुकडे पुन्हा जाळीवर ठेवले, कोळसा एका बाजूला सारला म्हणजे वरून जळणार नाही, आणि उभी राहिले.

डावीकडच्या गच्चीवरून बँकेतल्याची बायको कठड्याला टेकून म्हणाली, "काकू, वरून काही झाका ना. नाहीतर आत आच पोचत नाही."

"काय झाकू?"

"आम्ही गंज पालथा घालतो," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिनं काय सांगितलं. आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "कोनाशी बोलून राह्यली तू?" ती आत गेली नाही.

नवरा खाली जाऊन स्टीलचा मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, घेऊन आला आणि तुकड्यांवर उपडा घातला. आम्ही वाट पाहिली. सरांनी एकदा घड्याळ पाहिलं. थंडीत उभं राहून त्यांना शिंक आली. नवरा सवयीनं म्हणाला, "सर, मफलर नीट घ्या," आणि सरांनी तो नीट घेतला. मग ते जिना उतरून गेले. त्यांच्या घरातून मीटिंग बोलावली जाईल, ठराव होईल, हे मला तेव्हाच दिसत होतं. झालंही तसंच. नवऱ्याचं सहसचिवपद गेलं. त्याला त्याचं दुःख दीड दिवस झालं.

वीस मिनिटांनी गंज उचलला. धूर वर आला, मुलीनं तोंड पुढे करून तो ओढून घेतला. मी दोरा न बांधलेल्या चिमट्यानं दुसरा तुकडा उचलला, स्वच्छ फळीवर ठेवला, धुतलेल्या सुरीनं कापला. पांढरा, हाडापर्यंत. सुरीला लागलेला रस पाण्यासारखा. मी तिसराही कापला. तोही पांढरा.

ताट भरून तिच्या हातात दिलं, लिंबू पिळलं. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"आणतो," नवरा म्हणाला आणि जिन्याकडे निघाला. जाता जाता त्यानं तिच्या खुर्चीमागे हात घालून बटण चाचपलं. "आता झालं ना शिजून. बंद करतो."

"राहू द्या बाबा," ती तोंडातला घास चावत म्हणाली. "मले दुसरा पीस पाहाचा आहे."

त्यानं हात काढून घेतला. तिनं दुसरा तुकडा दोन्ही हातांनी हाडाशी मोडला, दिव्याकडे धरला, फिरवून नीट पाहिला, आणि खाल्ला.